रंगवायचा राहिलेला कोपरा

९ जुलै

वहिनी,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी तिसऱ्या वाक्याला आपण भांडू, म्हणून लिहितेय. कागदावर निदान एकाच बाजूचा आवाज चढतो.

बातमी अशी की तुझ्या लेकीला ताप आला होता आणि गेला. दादाने तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू वर्गातली पोरं वाऱ्यावर सोडून मिळेल त्या गाडीने निघाली असतीस, आणि तू इथे पोचेपर्यंत भिंगरी जिन्यात लंगडी घालत असती. ताप म्हटला की तुला एकच गोष्ट सुचते, हे आम्हा बहीणभावांना पाठ आहे. तुझ्या भावाचं लहानपणी जे झालं ते वाईटच झालं, एका मूत्रपिंडावर जगतोय बिचारा. पण म्हणून जगातला प्रत्येक ताप लघवीतून येत नाही.

तरीही तुझ्या समाधानासाठी मी तिची सोनोग्राफी केली. हॉस्पिटलातल्या माझ्याच खोलीत, दोन पेशंटांच्या मधे घुसवून. जेलची बाटली मी मुलांसाठी कोमट पाण्यात ठेवते, तरी "थंड आहे, थंड आहे" करत हसत सुटली. त्याआधी "आत्या, शू" म्हणून दारात पाय आवळून उभी होती. माझ्या दारावर पाटी आहे, तुला माहीत आहे: लघवी करून येऊ नये. मूत्राशय भरलेलं असलं की त्याच्यामागचं दिसतं, पुसलेल्या काचेतून दिसावं तसं. त्या पाटीपुढे मी भल्याभल्यांना बसवून ठेवते. परवा एक वकीलसाहेब माझ्याशी कायद्याने बोलायला लागले होते, तरी सोडलं नाही. पण भाचीपुढे कसली पाटी? म्हटलं, जा बाई.

दोन्ही मूत्रपिंडं छान आहेत. डावं जरा थोराड आहे, पण डावं सगळ्यांचंच असतं. रक्त कुठवर वाहतंय ते मशीनवर रंगात बघता येतं, हे तिला ठाऊक आहे, मागे एकदा दाखवलं होतं. "आत्या, रंग लाव ना," म्हणाली. बाहेर रांग लागलेली. म्हटलं, पुढच्या वेळी.

तेव्हा तू तिच्या बॅगेत घालून दिलेली निळ्या झाकणाची बाटली कपाटातच आहे, सीलबंद. तिच्यावर तू नाव घातलंयस, वय सहा घातलंयस, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवलीयस. पोरीला कपडे देताना लघवी तपासायची बाटलीही देणारी आई मी तरी दुसरी पाहिली नाही. ताप आपोआप उतरला. बाटली लागली नाही.

शाळेचं वर्ष संपल्यावर भिंगरीने तुझ्याकडे राहायचं की दादाकडे ते ठरवताना हेही लक्षात घ्यावं, असं दादा म्हणतो. त्याचं म्हणणं, "तिकडे गेली की पोरगी दर महिन्याला आजारी पडेल, आजार नसला तरी." तुम्हा नवराबायकोच्या भांडणात मी पडत नाही. मला जे दिसलं ते मी सांगितलं, एवढंच.

तुझी,
डॉक्टरीणबाई
(हे नाव तूच ठेवलंस. आता हाक मारत नसलीस तरी माझं दुसरं नाव तुझ्याकडे नाही.)


१४ जुलै

वहिनी,

माझ्या दोन पानी पत्राला तुझं उत्तर दादाच्या फोनवर आलं, तेही चार शब्दांत. "लघवी तपासली की नाही?" दादाने मला दाखवलं आणि हसला. मीही हसले. खरं सांगायचं तर मी जरा उशिरा हसले.

तपासलेली नाही. का तपासावी? मी बघितलंय ना. पंधरा वर्षं झाली, मुलांची पोटं बघण्यातच माझा दिवस जातो. तुला मशीनवर विश्वास नसेल तर नसो, पण नणंदेवर थोडा ठेवायला काय जातं? मागच्या हिवाळ्यात सगळ्यांच्या देखत मी म्हणाले होते, "वहिनीला ताप दिसला की बाटली आठवते," ते तू अजून धरून बसलीयस, हे मला कळतं. थट्टा होती ती. सगळे हसले यात माझा काय दोष.

काल पुन्हा जरा कणकण होती. शाळेत कोणाला तरी सर्दी झालीय, तिकडून आणली असणार. खाणंपिणं कमी आहे, पण ते मागचं पुढचं काढून खाईल. अंथरूण दोनदा ओलं झालं. मी तिला म्हटलं, "भिंगरे, आता काय होडी घ्यायची का?" तर रडली. पूर्वी अशा थट्टेला रडत नव्हती. तुझी आठवण येत असावी. मुलं आठवण अशीच काढतात.

दादाला म्हटलं आहे, लक्ष ठेव. तो दुकानात पंप विकण्यात गर्क. मीच संध्याकाळी लवकर येते आणि तिच्याजवळ बसते. पोट दुखतं म्हणते, पण विचारलं की कुठे, तर कधी पुढे दाखवते, कधी मागे.

काळजी करू नकोस. मी आहे.

डॉक्टरीणबाई


१८ जुलै, दुपार

वहिनी,

काल रात्री पोचल्यापासून तू वर वॉर्डात तिच्या उशाशी बसली आहेस आणि मी खाली माझ्या खोलीत. मधे एकच जिना आहे. सकाळपासून मी तो दोनदा चढले आणि दारातून परत आले. तू मान वर केली नाहीस, आणि केली असतीस तरी मला बोलायला तोंड नव्हतं. म्हणून नर्सच्या हाती हे देते आहे. वाच किंवा फाड. पण वाच.

परवा तुझ्या शाळेत फोन केला तो दादाला न विचारता केला. "ताप वाढलाय, काल दाखल केलंय, ये," एवढंच मी बोलू शकले. तू एकही प्रश्न विचारला नाहीस. "निघते," म्हणालीस. तू चिडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

आता मी जे दोन पत्रांत लपवलं ते सांगते.

ताप आपोआप उतरला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी तिने शू करताना तोंड वाकडं केलं, ते मी पाहिलं. तुझा भाऊ आठवला. आणि मी काय केलं, तर कपाटात दादाच्या घशासाठी आणलेलं अँटिबायोटिक होतं, त्याचंच लहान मुलांचं सिरप आणलं आणि सुरू केलं. तीन दिवसांत ताप गेला, मी सिरप बंद केलं. कणकण आली तेव्हा परत सुरू केलं. म्हणजे मला संशय होता, वहिनी. औषध देण्याइतका होता. तपासण्याइतका नव्हता. बाटलीतून काही निघालं असतं तर तू खरी ठरली असतीस. मागच्या हिवाळ्यातही खरी ठरली असतीस. ते मला नको होतं.

इतकं साधं आणि इतकं हलकट आहे ते. मी रात्रंदिवस याला दुसरं नाव शोधते आहे, सापडत नाही.

शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी काय सांगते, तुला माहीत आहे? सोनोग्राफी सूज दाखवेल, अडलेली वाट दाखवेल, पण चित्र चांगलं आहे म्हणून मुलाला संसर्ग नाही असं कधीही म्हणायचं नाही. संसर्ग लघवी सांगते. बाटली आधी, मशीन नंतर. ही माझीच वाक्यं, ती पोरं वह्यांत उतरवून घेतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आणि चित्रही मी नीट काढलं नव्हतं. मूत्राशय मोकळं, म्हणजे त्याच्या मागची मूत्रनळी दिसायचा प्रश्नच नाही. काल ते जुनं चित्र मशीनमधून काढून पाहिलं. डावं मूत्रपिंड थोराड होतं, पण सगळ्यांचं असतं त्याच्यापेक्षा बरंच जास्त. आकडा समोर होता. मी त्याच्यावर विनोद करून तुला लिहून पाठवला.

बालरोगतज्ज्ञांनी दाखल करताना मला विचारलं, "आधी काही औषध दिलंय का?" मी म्हणाले, "नाही." दादा शेजारी उभा होता. माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. मग लघवीच्या तपासणीत पूच्या पेशी भरपूर, आणि वाढवायला ठेवलेले जंतू मात्र माझ्या सिरपमुळे उगवेनात. कुठल्या जंतूला कुठलं औषध लागेल ते कळेना, आणि सुरू केलेल्या इंजेक्शनला ताप दाद देईना. काल सकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मॅडम, हे वाक्य मला परवा हवं होतं." त्यांनी औषध बदललं. आज ताप खाली आहे, ते तू पाहतेच आहेस.

काल दुपारी तिची सोनोग्राफी परत केली. मी म्हणाले, मी करणार नाही, दुसऱ्या कोणाला बोलवा. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "आज इथे दुसरं कोणी नाही. करा, आणि या वेळी नीट करा." ते माझ्या मागे उभे राहिले.

तिला पाणी पाजून बसवलं. "आत्या, शू," म्हणाली. "नाही," म्हटलं. रडवेली झाली. "त्या दिवशी तर जा म्हणालीस." मी म्हटलं, "त्या दिवशी आत्या चुकली." तिने माझ्याकडे असं बघितलं जसं टेबलाला बोलता येतं हे तिला आताच कळलं. मग पाय आवळून बसून राहिली.

भरलेल्या मूत्राशयामागे डावी मूत्रनळी फुगलेली दिसली. प्रत्येकाला दिसली असती. मग तिला पालथं झोपवलं आणि रंग लावला. नारिंगी. ती मान वळवून पडद्याकडे बघायला लागली आणि खुश झाली. हसली की पोट हलतं आणि रंग सगळीकडे सांडतो. "आत्या, रंग बाहेर गेला, टीचर ओरडतील." म्हटलं, "मग हलू नकोस, फुगा फुगवल्यासारखी हळू श्वास सोड." ती स्थिर झाली. उजवं मूत्रपिंड काठापर्यंत नारिंगी भरलं. डावंही भरत गेलं, आणि वरच्या बाजूला एका पाचरीएवढ्या जागेत रंग गेलाच नाही. मी कोन बदलला, दाब बदलला, बटणं फिरवली. नाही गेला. बालरोगतज्ज्ञ मागून पडद्याकडे वाकले.

भिंगरी म्हणाली, "आत्या, हा कोपरा रंगवायचा राहिला तुझा."

माझा, म्हणाली. मी मशीन बंद केलं नाही, चित्र गोठवलं, दोन फुल्या ठेवून ती जागा मोजली, जसं दुसऱ्या कुठल्याही मुलाचं करते तसं. फुल्या दोनदा ठेवाव्या लागल्या.

तिथे सूज इतकी आहे की रक्त नीट पोचत नाही. सूज उतरल्यावर ती जागा सुधारू शकते, किंवा तिथे कायमचा डाग राहू शकतो. कोणता ते आत्ता कोणालाच सांगता येत नाही. काही महिन्यांनी वेगळी तपासणी करतात, तेव्हा कळेल. पहिल्या दिवशी बाटली वापरली असती तर ही जागा वाचली असती का? असती, असं मी म्हणेन. बालरोगतज्ज्ञ "कदाचित" म्हणतात. ते चांगले आहेत म्हणून म्हणतात.

तुझ्या मनात जे असेल ते मला बोल. वर येऊ का, ते विचारायची माझी लायकी नाही, म्हणून विचारत नाही. दार उघडं ठेवून बसले आहे.

मी


३ ऑगस्ट

वहिनी,

तू तिला घेऊन गेलीस त्याला आज आठवडा होईल. गाडी सुटताना ती खिडकीतून हात हलवत होती आणि तू समोर बघत होतीस. ते बरोबरच होतं.

दादाने "पाठवतो" म्हणायला फार वेळ घेतला नाही याचं तुला आश्चर्य वाटलं असेल. त्याचं कारण सांगते. तू पोरीचे कपडे भरत होतीस तेव्हा मी त्याला दुकानाच्या मागच्या खोलीत गाठलं, पंपांच्या खोक्यांमधे. सगळं सांगितलं. सिरप, पाटी, डॉक्टरांना खोटंच "नाही" म्हणाले ते, सगळं. तो सुरुवातीला माझीच समजूत काढायला लागला. "तू मुद्दाम केलंस का?" म्हटलं, "दादा, आपला तो बाब्या आता पुरे. मी मुद्दामच बघितलं नाही." मग तो खोक्यावर बसला.

आजार काय आहे ते त्याला कळेना. लघवी मूत्राशयातून उलटी वर मूत्रपिंडाकडे जाते आणि जंतूंना बरोबर नेते, असं मी सांगत होते, आकृती काढत होते. तो म्हणाला, "म्हणजे उलट पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह ढिला आहे, असं सरळ म्हण ना." आयुष्यभर तेच विकतोय. मग म्हणाला, "तिला हे कसं माहीत होतं? तिच्या आईला?" म्हटलं, "तिच्या भावाला हेच होतं. ती आपल्याला पहिल्या दिवसापासून सांगत होती. आपण हसत होतो." तो तोंड धुऊन आला. "तू आजार नसताना आजार काढतेस" हे तुला म्हणाल्याबद्दल तो स्वतः बोलेल. त्याच्या वतीने मी माफी मागणार नाही. माझी मलाच पुरेशी आहे.

आता कामाचं. मला विचारलं नाहीस तरी लिहिते, कारण हे मला येतं, आणि येत असूनही केलं नाही.

तिकडे तिची सोनोग्राफी होईल तेव्हा आधी पाणी पाजून घेऊन जा. तिने कितीही तोंड केलं तरी जाऊ देऊ नकोस. भरलेल्या मूत्राशयावर एकदा बघायला लाव आणि शू झाल्यावर परत एकदा. पालथं झोपवून लांबी मोजायला सांग. रंग लावून बघा, असं स्पष्ट म्हण. डॉक्टर घाईत असला, "सगळं छान आहे" म्हणाला, तर उठू नकोस. आणि ताप आला तर सोनोग्राफीची वाट बघू नकोस, बाटली. तुला हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण लिहून मला बरं वाटतं.

माझ्याकडे आणू नकोस. हे मी रागाने किंवा रुसून म्हणत नाही. तिच्या पोटावर मशीनचा प्रोब ठेवला की मला मूत्रपिंड दिसणार नाही. आधी मी दिसेन.

घरात तिचे खडू राहिलेत. नारिंगी संपलेला आहे, बाकीचे पाठवू का?

तुझी,
डॉक्टरीणबाई


११ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

तुझी पत्रं सगळी वाचली. फाडायला घेतली होती, पहिलं अर्धं फाटलंही. मग चिकटवलं.

डाग राहिला आहे. लहान आहे म्हणतात, डाव्या बाजूला वर. बाकीचं मूत्रपिंड चांगलं काम करतंय. रोज रात्रीचं औषध चालू आहे, त्यानंतर ताप आलेला नाही. हे तुला तुझ्या दादाकडून कळलं असतं, पण मी सांगायला हवं असं वाटलं.

मी तुला माफ केलं का, ते मला माहीत नाही. वर्गात मुलं प्रश्न विचारतात आणि मला उत्तर येत नाही तेव्हा मी "उद्या सांगते" म्हणते. तसंच समज.

पुढच्या गुरुवारी तिची सोनोग्राफी आहे. इथला डॉक्टर बरा आहे, विचारलं तर चिडत नाही. तू लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं. पण ही बया हटून बसली आहे. आत्या असेल तरच टेबलावर चढेन म्हणते. म्हणे, त्या कोपऱ्यात आता रंग जातो का ते आत्याला दाखवायचंय.

तर तू ये. मशीनला हात लावायचा नाही, पडद्याकडे बघून डॉक्टरला शिकवायचं नाही. तिच्या डोक्याशी उभं राहायचं आणि तिचा हात धरायचा. तोपर्यंत शूला जाऊ द्यायचं नाही, हे तूच सांग. माझं ती ऐकत नाही.

येताना कपाटातली ती निळ्या झाकणाची बाटली घेऊन ये. सील तोडू नकोस. तिच्यावर वय सहा आहे. ते खोडून सात कर.

वहिनी